घरात दोन कुत्री आणि दोघांत भांडणं
(आमच्याकडे ट्रेनिंगला किंवा बोर्डिंगला कुत्री सोडणाऱ्या कुटुंबांसाठी)

"एरवी एकमेकांना चाटतात हो, मधूनच काय होतं कळत नाही." दोन कुत्री असलेल्या घरांतून येणारे फोन बहुधा असेच सुरू होतात. खोदून विचारलं की त्या 'मधूनच'ची वेळ आणि जागा सापडते. जेवणाचं भांडं, सोफ्याचा ठरावीक कोपरा, बेल वाजली की दाराशी होणारी झुंबड, खिडकीतून दिसलेलं रस्त्यावरचं कुत्रं. कधी आजोबांची खुर्ची. आजोबांच्या पायाशी बसून थोरला धाकट्यावर गुरगुरला की घरच्यांना कौतुक वाटतं, 'राखण करतोय'. तो भांडं राखतो तसेच आजोबा राखत असतो. अशा वेळी आजोबांनी लाड न करता उठून दुसरीकडे जावं.

गुरगुरण्याआधीचं बघायला शिका. टेबलाखाली पोळीचा तुकडा पडला. थोरल्याने तोंड खाली नेलं आणि तो तसाच थिजला. शेपूट थांबली, अंग ताठ झालं, मान तुकड्यावर झुकलेली आणि डोळे तेवढे कडेला वळलेले, इतके की पांढरा भाग दिसावा. धाकटा दोन पावलांवर उभा आहे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. एवढ्यात धाकट्याला खुशीच्या आवाजात हाक मारून दुसऱ्या खोलीत नेलंत तर पुढचं टळतं. 

गुरगुरला म्हणून मात्र रागवू नका. तो आधी सांगतोय हे आपलं नशीब. ओरडून किंवा फटका मारून ते बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

जेवण वेगळं, दार बंद

बहुतेक घरांत निम्मा प्रश्न इथेच सुटतो. दोघांना दोन खोल्यांत वाढा, दार लावा, पंधरा मिनिटांनी भांडी उचलून धुऊन ठेवा आणि मगच दारं उघडा. बराच वेळ चघळायच्या वस्तूंनाही हाच नियम. शेजारी शेजारी जेवले म्हणजे प्रेम वाढतं, हा समज सोडून द्या. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडं तर कुणालाच नकोत; त्यांच्या चिरफळ्या होऊन घशात, आतड्यात रुततात.

सवय लागावी म्हणून कुत्र्याच्या भांड्यात हात घालणारे लोक अजून भेटतात. त्यानं त्याची शंका पक्की होते. उलट करा: तो खात असताना चार पावलांवरून जा, चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि पुढे निघून जा. माणूस जवळ आला की मिळतं, जात नाही, हे रुजायला आठवडे लागतात. तोंडातली वस्तू हवी असेल तर हिसकावू नका, त्याहून चांगलं काही देऊन बदली करा. तो आधीच चावला असेल तर हा सराव एकट्याने करू नका, आम्हाला बोलवा.

"थोरला लीडर, त्याला सगळं आधी द्या" हा सल्ला आम्ही देत नाही. तो कोंडलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आला. रानातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्येच मांडलं. आधी त्याला द्या, जो शांत बसलाय.

आधी डॉक्टर

वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोडीत अचानक खटके उडू लागले तर आमच्याआधी पशुवैद्य गाठा. कान, दात, कंबर दुखत असली की कुत्र्याला साधा धक्काही सहन होत नाही. एक ते तीन वर्षांच्या वयात, धाकटा पुरता प्रौढ होताना, भांडणं सुरू होणं नेहमीचं. दोन्ही माद्या असल्या तर जास्त जपा, त्यांची भांडणं अनेकदा चिघळतात. नसबंदीने सगळं मिटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जुंपलीच तर

मध्ये हात घालू नका, पट्टा धरायला तर नकोच. माणसांना चावे बहुधा तिथेच बसतात. स्टीलचं ताट बडवा, बादलीभर पाणी ओता, जाड चादर टाका, मध्ये खुर्ची सरकवा. दातांत कातडी धरलेली असेल तर ओढू नका, फाटते. सुटले की वेगळ्या खोल्या, आणि त्या दिवशी पुन्हा भेट नाही. 'सॉरी' म्हणायला समोरासमोर आणणं हा माणसांचा हट्ट.

केस बाजूला करून अंग तपासा. सुळ्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत पू धरते. हळद भरू नका. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका, आयबुप्रोफेनने जीव जाऊ शकतो. माणसाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.

पुन्हा एकत्र आणताना सुरुवात घराबाहेर करा. दोन माणसं, दोन पट्टे, रस्त्याच्या दोन कडा. दोघं सैल चालू लागले की अंतर थोडं थोडं कमी करा. लिफ्टमध्ये सोबत नेणं सगळ्यात शेवटी. काही जोड्या कधीच जमत नाहीत. मग दारं लावून पाळीपाळीने मोकळं सोडणं किंवा एकाला चांगलं घर शोधणं, यात कमीपणा नाही.

बोर्डिंगला सोडताना आधीची भांडणं लपवू नका. आम्ही सगळ्यांनाच वेगळं जेवू घालतो, पण झोपायची व्यवस्था तुमच्या माहितीवर ठरते. पहिल्या भेटीला लसीकरणाचं पुस्तक, डॉक्टरांचे कागद आणि रोजच्या वावराचा, लांबून काढलेला व्हिडिओ आणा. व्हिडिओसाठी मुद्दाम भांडण लावू नका.