टोकनच्या आधी पासवर्ड होता

सोशल मीडियाचा एपीआय, म्हणजे ॲपला त्या साइटशी बोलू देणारी सोय, वापरून पहिलं ॲप करायला बसलेला माणूस कोडची ओळही न लिहिता वैतागतो. डेव्हलपर खातं उघडा, ॲपची नोंद करा, ॲपची ओळख सांगणारी ‘की’ घ्या, परवानगीचं टोकन मिळवा, परवानग्या मागा. हा सगळा जाच वाटतो खरा, पण यातली जवळजवळ प्रत्येक पायरी कुठल्यातरी जुन्या ठेचेतून आली आहे.

फ्लिकर या फोटोंच्या साइटने 2004 मध्ये एपीआय खुला केला. 2006 मध्ये फेसबुक आणि ट्विटरचे एपीआयही आले. ट्विटरचा तेव्हाचा मामला अगदी सरळ होता: विनंतीसोबत युजरनेम आणि पासवर्ड पाठवला की ट्वीट पडलंच. म्हणून तर बाहेरच्या लोकांनी भराभर ॲप्स केली. ‘ट्वीट’ हा शब्द रुळला तोही ट्विटरिफिक नावाच्या अशाच एका ॲपमुळे.

पण नुसती ट्वीट्स वाचणाऱ्या ॲपच्या हातीही अख्खं खातं जायचं. एखादं ॲप नकोसं झालं तर पासवर्ड बदलावा लागे, आणि मग बाकीची ॲप्सही बंद पडत. 2007 मध्ये आलेल्या ओऑथ या परवानगीच्या पद्धतीने हा गुंता सोडवला. लॉगिन मूळ साइटवरच करायचं. ॲपला मिळणार फक्त टोकन, ठरावीक कामापुरतं आणि हवं तेव्हा रद्द करता येणारं. ऑगस्ट 2010 मध्ये ट्विटरने पासवर्डची वाट बंदच केली. आज नवशिक्याचा अख्खा दिवस खाणारी चूक इथलीच: नोंदवलेला कॉलबॅक पत्ता (लॉगिननंतर जिथे परत यायचं तो) आणि कोडमधला पत्ता यांत शेवटच्या एका तिरक्या रेघेचा फरक, आणि लॉगिन फेटाळलं जातं. ही काटेकोरी उगाच नाही. टोकन भलत्याच पत्त्यावर जाऊ नये, म्हणून ती आहे.

विनंत्यांवर मर्यादा आली ती सर्व्हरवरच्या भारामुळे. मर्यादा ओलांडली की आज 429 हा एरर येतो. ट्विटर एके काळी 420 पाठवायचं. आपल्याकडे या आकड्याचा जो अर्थ आहे, तो त्यांच्या गावीही नसावा.

परवानग्यांची कहाणी जास्त कडू आहे. फेसबुकवर एकाने प्रश्नमंजूषेच्या ॲपला होकार दिला की त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपकडे जायची. हे दार 2015 मध्ये बंद झालं, पण तोवर उशीर झाला होता. अशी माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं, तेव्हा फेसबुकनेच 8.7 कोटी लोकांपर्यंतचा आकडा दिला. ‘ही माहिती तुम्हाला कशासाठी हवी?’ हा ॲप तपासणीतला प्रश्न त्यानंतर आणखी कडक झाला.

2023 मध्ये मुद्दा पैशांवर आला. ट्विटरचा जुना मोफत एपीआय गेला. रेडिट या चर्चामंचाने दर लावले आणि रेडिट वाचायचं अपोलो हे लोकप्रिय ॲप 30 जूनला बंद झालं. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला खेळ कधीही मोडू शकतो, हे तेव्हा अनेकांना कळलं.

म्हणून नवशिक्याने मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय या खुल्या सोशल नेटवर्कांपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. ब्लूस्कायवर सार्वजनिक प्रोफाइल वाचायला टोकनही लागत नाही. ब्राउझरमध्ये एपीआयचा पत्ता टाकला की नाव, फॉलोअर, पोस्टची संख्या असं सगळं महिरपी कंसांत, जेसन या माहिती मांडायच्या साच्यात समोर येतं. पोस्ट टाकायची म्हटली की मात्र लॉगिन आलंच.