पूर आणि पुराची चाचणी

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर क्युसेकमध्ये कमी आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून जास्त मोजला जातो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की ‘पाणी कमरेला लागलं’, ‘गळ्यापर्यंत आलं’ असे निरोप फिरू लागतात. याच शहरात ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणाच्या सांडव्याची छोटी प्रतिकृती करून तिच्यावरून पाणी सोडून पाहायचे, हे तिथले एक काम. पाणी तेच, पण एक पूर असतो आणि दुसरी चाचणी.

२०२७ च्या सिंहस्थाआधी लॉजवाल्यांपासून ट्रॅव्हल्सवाल्यांपर्यंत अनेकांना आपली बुकिंगची साइट गर्दीत टिकेल का, हा प्रश्न पडणार आहे. ती तपासायला निघालेल्या तरुणांच्या हाती इंटरनेटवरून नेमके काय लागते, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

सप्टेंबर १९९६. न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही इंटरनेट सेवा देणारी कंपनी कित्येक दिवस जवळपास ठप्प झाली. कोणी आत घुसले नव्हते, काही चोरले नव्हते. इंटरनेटवर दोन संगणकांचे बोलणे सुरू होताना एक जण ‘सिन’ पाठवतो, दुसरा उत्तर देतो आणि पहिल्याच्या पोचीची वाट पाहतो. तेवढा वेळ सर्व्हर त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून असे ‘सिन’ सोडले. पोच कधी आलीच नाही, राखीव जागा भरून गेल्या आणि खरे ग्राहक बाहेर राहिले. एसटीत प्रत्येक सीटवर रुमाल टाकून ठेवावा आणि बसायला कोणीच येऊ नये, तसे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी त्याच महिन्यात यावर तोड सुचवली: जागा राखूच नका, नोंद उत्तराच्या आकड्यातच गुंफून पाठवा, पोच आली तरच जागा द्या. ही ‘सिन कुकी’ आजही सर्व्हरांमध्ये वापरात आहे. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पुढे एका संगणकाऐवजी अनेक ताब्यात घेऊन मारा सुरू झाला, तोच डीडॉस. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, अॅमेझॉन, सीएनएन एकापाठोपाठ बसल्या. करणारा मॉन्ट्रियलचा १५ वर्षांचा मुलगा होता.

चाचणीची साधनेही याच काळात वाढली. अपाचेचे जेमीटर १९९८ पासूनचे. हजार माणसे एकदम आली तर पान किती सेकंदांत उघडते, कुठल्या क्षणी डेटाबेस दम टाकतो, हे ते मोजून दाखवते. मोजणे हाच त्याचा हेतू.

‘लो ऑर्बिट आयन कॅनन’चे तसे नाही. व्हिडिओ गेममधल्या शस्त्राचे नाव घेतलेले हे सॉफ्टवेअर ताण-चाचणीचे म्हणून ओळखले गेले, पण डिसेंबर २०१० मध्ये गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सची देणग्यांची वाट बंद करणाऱ्या व्हिसा, मास्टरकार्ड, पेपालवर हजारो हौशी लोकांनी तेच चालवले. ते वापरणाऱ्याचा पत्ता लपवत नाही, हे अनेकांना माहीत नव्हते. पुढच्या जुलैत पेपाल प्रकरणात अमेरिकेत १४ जणांना अटक झाली. त्यातले बरेच विशीतले होते. आपल्या कॉलेजांतली मुले ‘सहज करून बघू’ म्हणत हेच डाउनलोड करतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते.

मग पैसे घेऊन साइटवर मारा करून देणारी ‘स्ट्रेसर’ नावाची भाड्याची दुकानेच उघडली. एप्रिल २०१८ मध्ये बंद पाडलेल्या वेबस्ट्रेसरचे १ लाख ३६ हजारांवर नोंदणीकृत वापरकर्ते होते आणि महिन्याला १५ युरोंपासून दर होते. नाव चाचणीचे, पण साइट तुमचीच आहे का हे विचारणारे कोणी नाही. त्याआधी २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कॅमेरे आणि राउटर माऱ्याला जुंपले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. मेन रोडवरच्या दुकानातला सीसीटीव्हीसुद्धा असा कामाला लागू शकतो.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ साधनाचे नाव विचारत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय हक्काच्या वापरकर्त्याची वाट अडवली की ते लागू होते. लबाडीने केले असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून चाचणी घेणाऱ्याने आधी कागद करावा: कोणता सर्व्हर, किती वाजता, किती ताण आणि थांबवायला फोन कोणाला. होस्टिंग कंपनीचा होकारही त्यात हवा, कारण पाणी तिच्याच पाइपातून जाणार असते आणि त्याच पाइपावर इतरांच्याही साइट असतात.