फेणीच्या बाटलीतला प्रोटॉन

‘मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे’ ही सूचना आपल्याकडे फेणीच्या बाटलीवर असते. वस्तूंवर आणखी कोणकोणते इशारे छापता येतील, यावर भौतिकशास्त्रज्ञांचे विनोद पूर्वीपासून चालत आले आहेत. ‘सावधान! हे घड्याळ हातापेक्षा पायात बांधल्यास किंचित हळू चालेल.’ ‘सावधान! या बाटलीत दीड कोटी टन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा आहे.’ हे विनोद मला फार आवडतात, कारण त्यांतले अक्षर न् अक्षर खरे असते.

बाटलीचा हिशेब करून पाहा. 750 मिलिलिटर फेणीचे वस्तुमान साधारण 700 ग्रॅम भरते. शाळेत शिकलेल्या ऊर्जा = वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग या सूत्रात ते घातले की उत्तर येते सुमारे 6.3 × 10¹⁶ ज्यूल. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट! त्या बॉम्बमध्ये ऊर्जेत रूपांतर झालेले वस्तुमान एका ग्रॅमपेक्षाही कमी होते.

आता हीच फेणी पेटवा. त्यातला 42.8 टक्के मद्यार्क पूर्ण जळाला तरी हाती येतात फक्त 75 लाख ज्यूल, आणि वस्तुमान घटते ते ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. जळताना अणूंची जुळणी तेवढी बदलते, अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही.

मग उरलेली ऊर्जा बाहेर का येत नाही? ‘तसे तंत्रज्ञान अजून नाही’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. खरी अडचण निसर्गाच्या नियमात आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो.

बाटलीचे जवळजवळ सगळे वस्तुमान प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमध्ये आहे. प्रोटॉन मोडून त्याचा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि पायॉन (प्रोटॉनहून हलका, अल्पायुषी कण) झाला, तर ऊर्जेचा हिशेब जुळतो, विद्युतभाराचाही जुळतो. पॉझिट्रॉन तर प्रोटॉनपेक्षा सुमारे 1836 पट हलका, म्हणजे उतार अगदी मोकळा आहे. तरीही प्रोटॉन घरंगळत नाही. कारण आणखी एक खातेवही आहे: बॅरिऑन अंक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचा तो +1, प्रतिप्रोटॉनचा, म्हणजे प्रोटॉनच्या उलट भाराच्या जुळ्याचा, −1, पॉझिट्रॉन आणि पायॉनचा शून्य. आजवर पाहिलेल्या प्रत्येक प्रक्रियेत या अंकाची बेरीज आधी आणि नंतर तीच राहिली आहे. बाटली पूर्ण ‘वटवायची’ तर अंकांची बेरीज शून्य व्हावी म्हणून प्रतिकणांची तितकीच ‘प्रतिफेणी’ आणून तिच्यात मिसळावी लागेल.

गोव्याच्या हरमल-हणजूण किनारपट्ट्यात ‘ऊर्जा देणारे’ खडे आणि कडी विकताना आइन्स्टाइनचे सूत्र ऐकवले जाते, तेव्हा हा बॅरिऑन अंक आठवावा. गळ्यातला दगड तुम्हाला त्या ऊर्जेतला एक कणही देऊ शकत नाही. उलट डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘5जीपासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी दहा उत्पादने तपासली, तर ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. इशारा छापायला हवा होता तो त्यांच्यावर.

पण हा नियम अभंग आहे का? मॉरिस गोल्डहाबर या शास्त्रज्ञाचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: प्रोटॉन दीर्घायुषी असतो हे आपल्या हाडांनाच ठाऊक आहे. त्याचे सरासरी आयुष्य 10¹⁶ वर्षे एवढेच असते, तर आपल्याच शरीरातल्या प्रोटॉनांच्या किरणोत्सर्गाने आपण मेलो असतो. 1974 साली जॉर्जाय आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी मूलभूत बलांना एका सूत्रात गुंफणारा सिद्धांत मांडला. त्यानुसार क्वार्कचे (प्रोटॉनच्या घटककणांचे) लेप्टॉनमध्ये (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या कुळातल्या कणांत) रूपांतर होऊ शकते, म्हणजे प्रोटॉन मोडू शकतो. असा मोडणारा प्रोटॉन शोधण्याचे एक मोठे काम आपल्या शेजारी कर्नाटकात झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, 2.3 किलोमीटर खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि जपानी शास्त्रज्ञांनी असे कण टिपणारा 140 टनांचा लोखंडी शोधक उभारला. इतके खोल जायचे ते वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा, गोंगाट टाळायला. काही संशयित घटना त्यांना दिसल्या, पण पुढे कुठेच दुजोरा मिळाला नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगातील 50,000 टन पाण्यातही, पॉझिट्रॉन-पायॉनच्या वाटेने एकही प्रोटॉन खात्रीने मोडलेला सापडलेला नाही. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्या प्रोटॉनाचे आयुष्य निदान 10³⁴ वर्षे धरावे लागते.

एका बाटलीत प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून सुमारे 4 × 10²⁶ कण असतात. या मर्यादेने भागाकार केला, तर दोन कोटी वर्षांत जास्तीत जास्त एखादा कण असा मोडेल.

तरीही शोध थांबलेला नाही, आणि त्याला भक्कम कारण आहे. विश्वात द्रव्य भरपूर आणि प्रतिद्रव्य नगण्य का, हे समजावताना रशियन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी 1967 साली दाखवले की आरंभीच्या विश्वात बॅरिऑन अंकाचा नियम मोडलेला असला पाहिजे. त्या मोडतोडीचा माग काढण्यासाठी जपानमध्ये आता सुपर-कामिओकांडेच्या पाचपट मोठी टाकी बांधली जात आहे.