लॉस एंजेलिस काउंटी: 1 कोटी माणसं आणि पाणी दुसऱ्याच्या खोऱ्यातलं

लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्याला हॉलिवूड आठवतं, पण ते फक्त एक शहर, त्याच नावाची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखीच समजा) कितीतरी मोठी आहे, तिच्यात अशी 88 शहरं आहेत. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 14 हजार भरली, अमेरिकेतल्या 40 राज्यांत प्रत्येकी याहून कमी माणसं राहतात! त्यातले जवळपास निम्मे लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे), आणि काउंटीतल्याच आर्टेशिया शहराच्या पायोनियर बुलेवार्डवर तर साड्यांची, मिठाईची दुकानं ओळीने दिसतील.

आता गंमत बघा, इथे पाऊस वर्षाला जेमतेम 350 ते 400 मिमी, तोही बहुतेक हिवाळ्यातच. मूळचे तोंग्वा लोक इथे हजारो वर्षं राहिले, 1781 मध्ये स्पॅनिश राजवटीत 44 जणांनी नदीकाठी वस्ती केली, 1850 मध्ये काउंटी झाली तेव्हा शिरगणतीत साडेतीन हजार माणसं होती. एवढ्यांना नदी पुरत होती. मग रेल्वे आली, तेल सापडलं, 1900 पर्यंत काउंटीत 1 लाख 70 हजार लोक झाले आणि नदी पुरेना.

तेव्हा इंजिनिअर विल्यम मुलहॉलंडने सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या ओवेन्स खोऱ्यातून सुमारे 375 किमी लांब कालवा आणला, 1913 मध्ये तो सुरू झाला. एकही पंप नाही, सगळं पाणी नुसतं उतारावरून येतं, हे मला आजही थक्क करतं. पाणी हवं असेल तर लॉस एंजेलिस शहरात सामील व्हा, असा नियम झाला आणि 1915 मध्ये शेजारच्या सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग शहराला जोडला गेला. 1930 मध्ये काउंटी 22 लाखांवर!

पण याची किंमत मोजली ओवेन्सच्या शेतकऱ्यांनी आणि तिथल्या मूळच्या पायूट लोकांनी, हे विसरून चालणार नाही. चिडलेल्या लोकांनी 1920 च्या दशकात कालवा डायनामाइटने उडवला, तरी पाणी जातच राहिलं, ओवेन्स तलाव 1926 च्या सुमारास कोरडा पडला आणि त्याच्या तळातली खारट धूळ वाऱ्याबरोबर लोकांच्या छातीत जायला लागली. ती धूळ बसवायला 2001 पासून लॉस एंजेलिसला त्याच तलावात थोडं पाणी परत सोडावं लागतंय.