पॉलिश वेगळं, फिगर वेगळी : २० इंची आरशाने शिकवलेला फरक

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं ते म्हणजे "अरे काय चकाचक झालाय, संपलं ना काम?" कळव्यात आमच्या मजल्यावरचे सगळे हे म्हणून गेलेत आणि खोटं कशाला बोलू, आता २० इंची घासतोय, पण पहिला ६ इंची केला तेव्हा मीपण पॉलिश आणि फिगर हे एकच काम समजायचो. कारण दोन्हीला सामान तेच, डांबरासारख्या पिचचा लॅप (म्हणजे घासायची थाळी), सेरियम ऑक्साईडची पावडर, पाणी आणि तेच दुखणारे खांदे. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस महिनोनमहिने एकच गोष्ट करतोय.

पॉलिश म्हणजे नुसता गुळगुळीतपणा. कार्बोरंडम या घासायच्या खरखरीत पावडरीच्या ८०, १२०, २२० अशा ग्रिट (जितका आकडा मोठा तितके कण बारीक) करत शेवटच्या बारीक पावडरपर्यंत आलात की काच दुधी दिसते, म्हणजे तिच्यावर बारीक बारीक खड्डे असतात, ते जाईपर्यंत पिचवर घासत राहायचं. तपासायला घड्याळजीचं भिंग पुरतं, फक्त कडेजवळ नीट बघा, तिथले खड्डे बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी जातात. कंटाळवाणं काम आहे पण डोक्याला ताप नाही.

फिगर म्हणजे त्या गुळगुळीत काचेचा नेमका आकार, आणि तो नुसत्या डोळ्याला अजिबात दिसत नाही. ताऱ्याकडून येणारे किरण एका बिंदूत जमायला पॅराबोला लागतो, म्हणजे गोलापेक्षा मध्ये किंचित खोल वाटी, आणि घासून आपोआप जो आकार मिळतो तो असतो गोलाचा तुकडा. आता गंमत बघा, ६ इंची एफ ८ आरशात (एफ ८ म्हणजे फोकसचं अंतर व्यासाच्या आठपट) गोल आणि पॅराबोला मध्यावर जुळवून ठेवले तर कडेला फरक पडतो जेमतेम ०.३ मायक्रॉन, आणि फोकस जरा हलवून घेतला की त्यातलाही बराचसा पचतो, त्यामुळे नुसता नीट गोल झाला तरी शनीची कडी छान दिसतात आणि आपल्याला वाटतं आपल्याला जमलं. माझा गैरसमज तिथूनच आला. २० इंची एफ ४ ला हाच फरक जवळजवळ ७.८ मायक्रॉन होतो, म्हणजे पंचवीसेक पट, आणि चूक चालते किती तर ढोबळमानाने ७० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग! लहान आरसा माफ करतो, मोठा नाही करत.

चमक असून आकार चुकल्याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे हबल ही अवकाशातली दुर्बीण. १९९० साली वर गेली, २.४ मीटरचा आरसा, पॉलिश अप्रतिम, पण तपासणीच्या उपकरणातली एक लेन्स १.३ मिलिमीटर सरकलेली होती आणि त्या चुकीच्या मापाबरहुकूम इतक्या काटेकोरपणे घासला गेला की कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. मग डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून चष्मा लावल्यासारखी दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे निदान परत घासायची सोय आहे.

हात चालवायची पद्धतही उलटी आहे. पॉलिश करताना सगळीकडे सारखं घासलं जावं म्हणून धडपड, आणि फिगर करताना मुद्दाम असमान घासायचं, मध्यावर जास्त, कडेकडे जपून. मोठ्या आरशाला पूर्ण मापाचा लॅप एकट्याला हलतच नाही, चिकटून बसतो, म्हणून आरसा उताणा ठेवून लहान लॅप फिरवायचे आणि लहान लॅप जिथे रेंगाळला तिथे गोल चर पडतो, तो काढायला गेलं की शेजारी दुसरा. ग्राइंडिंगचं तर काय, ६ इंचीतून २५-२६ ग्रॅम काच जाते, २० इंची एफ ४ मधून जवळजवळ १.९ किलो, पण ती नुसती हमाली आहे. काच ४० मिलिमीटर जाड घेतली तर २० किलोच्या आसपास वजन होतं आणि एवढं असूनही टेस्ट स्टँडवर उभी केली की स्वतःच्याच भाराने किंचित वाकते, मग दिसतेय ती चूक काचेतली का स्टँडची हेच कळत नाही. (याच्यावर माझे दोन रविवार गेलेत, दोष स्टँडचा निघाला.)

आकार बघायचा तो फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सुरीने, १८५८ सालची युक्ती, अजून तीच चालते आणि आरशावर चकचकीत धातूचं कोटिंग नसलं तरी चालते, कोऱ्या काचेवरून परत येणारा ४ टक्के उजेड पुरतो. वक्रतेच्या केंद्राशी बारीक उजेड आणि ब्लेडची धार, धारेने परतणारा उजेड अडवत गेलं की आरशावर सावल्या दिसतात आणि त्यावरून चढउतार कळतात. माझा आरसा हॉलच्या टोकाला आणि ब्लेड ४ मीटरवर स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे जेवणं उरकल्याशिवाय टेस्ट नाही. ज्यांना पॉलिश-फिगरमधला फरक पटत नाही त्यांना मी एक करून दाखवतो, काचेवर अंगठा एक मिनिट दाबून धरायचा आणि मग ब्लेडमागून बघायचं, अंगठ्याच्या उबेने काच फुगून त्या जागी चक्क टेकडी दिसते! चमक तीच, हाताला काही लागत नाही, पण आकार बिघडलेला. हळूहळू ती टेकडी विरते. म्हणूनच पाच मिनिटं घासलं की दोन-तीन तास थांबावं लागतं, काच थंड होऊ द्यावी लागते, साधी प्लेट ग्लास तर बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) जवळपास तिप्पट फुगते. मे महिन्यात ठाण्यातल्या उकाड्यात पिच इतकं मऊ पडतं की लॅपच्या खाचा संध्याकाळपर्यंत बुजतात, तेव्हा मी पॉलिश एक वेळ करेन पण फिगरला हात लावत नाही.

आणि आमच्याकडे लोकल. फास्ट गेली की ब्लेडमागची सावली थरथरते, त्यामुळे खरी टेस्ट शेवटची गाडी गेल्यावर. काल सव्वादोनला बघितलं, मधला भाग बऱ्यापैकी आलाय पण कड अजून पडलेली आहे, म्हणजे तिथे काच जास्त घासली जाऊन खाली उतरलीय, शेवटचा साधारण एक सेंटिमीटर, तेवढ्यात मालगाडी आली आणि पुढचं काही दिसलं नाही.