मेसॉनिक संगीत

मेसॉनिक संगीत म्हणजे फ्रीमेसन लोकांच्या (स्वतःचे विधी असलेल्या, एकमेकांना बंधू मानणाऱ्या सभासदांच्या संघटनेच्या) लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, विधींच्या वेळी, किंवा विधी आटोपल्यावर जेवणाच्या टेबलावर गायलं-वाजवलं जाणारं संगीत. फ्रीमेसनरी म्हटलं की गुप्त संकेतांच्या इतक्या गोष्टी कानावर येतात की हे संगीतही तसंच काहीतरी गूढ असेल असं वाटतं, पण मुळात ही एका खोलीत जमलेल्या, बहुतेक हौशी पुरुषांनी मिळून गायची गाणी आहेत आणि त्यातली बरीचशी पहिल्यापासून छापलेली आहेत.

लंडनमध्ये १७२३ साली जेम्स अँडरसनने संघटनेचे नियम पुस्तकरूपात छापले त्यातच शेवटी गाणी होती. त्यातलं नवीन शिकाऊ सभासदाचं गाणं मॅथ्यू बर्कहेड नावाच्या नटाचं, सोपी चाल, एकाने कडवं म्हणायचं आणि सगळ्यांनी ध्रुवपद उचलायचं, अगदी आपल्या आरतीसारखं. इंग्लंडमधल्या लॉजमध्ये ते आजही गातात आणि शेवटच्या कडव्याला हातात हात धरून गोल उभे राहतात. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्सही मेसन होता, त्याने १७८६ मध्ये आपल्या टार्बोल्टनच्या लॉजबंधूंसाठी निरोपाचं गाणं लिहिलं. त्याच्याच नात्यातल्या डॉ. जेम्स बर्न्सने पुढे १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांसाठीचं लॉज काढलं. फ्रान्समध्ये गाण्यांबरोबर क्लॅरिनेट, हॉर्न, बासून (bassoon) अशा फुंकवाद्यांचा छोटा ताफा ठेवायची पद्धत रुजली.

पण या संगीताचं खरं वैभव बघायचं तर व्हिएन्नातच, आणि तेही जेमतेम सात वर्षांचं. संगीतकार मोझार्ट १४ डिसेंबर १७८४ ला तिथल्या एका लॉजमध्ये दाखल झाला आणि लगेच लिहायला लागला. मार्च १७८५ मध्ये कारागीर या दुसऱ्या पायरीवर जाणाऱ्यांसाठी गाणं, एप्रिलमध्ये शास्त्रज्ञ इग्नाझ फॉन बॉर्न यांच्या सन्मानार्थ कॅन्टाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना), आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन दिवंगत बंधूंच्या शोकसभेत वाजलेलं ‘मेसॉनिक शोकसंगीत’. हे शेवटचं जेमतेम सहा-सात मिनिटांचं आहे पण माझ्या मते या सगळ्या परंपरेत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्यात बॅसेट हॉर्न आहेत, म्हणजे क्लॅरिनेटच्या घराण्यातलं पण खालच्या, जरा झाकोळलेल्या सुराचं वाद्य, मध्यावर चर्चमधल्या जुन्या पठणाची धून येते आणि सबंध रचना मायनर या उदास छटेच्या पट्टीत चालून शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, मात्र मेजर या उजळ पट्टीत उघडतो.

मोझार्टच्या मेसॉनिक रचनांमध्ये तीन या, मेसन लोक महत्त्वाचा मानतात त्या आकड्याचा शोध खूप घेतला जातो. ‘मॅजिक फ्लूट’ या १७९१ च्या ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीतात, तीन-तीनदा येणारे कॉर्ड आणि तीन फ्लॅटची (कोमल केलेल्या सुरांची) पट्टी यांचा मेसॉनिक अर्थ लावतात आणि तो पटण्यासारखा आहे, पण हाच नियम सगळीकडे लावता येत नाही, कारण लॉजसाठी लिहिलेली त्याची कितीतरी गाणी वेगळ्याच पट्टीत आहेत. नोव्हेंबर १७९१ मध्ये नव्या सभागृहाच्या उद्घाटनासाठी लिहिलेला कॅन्टाटा तर सरळ सी मेजरमध्ये आहे, ज्यात एकही फ्लॅट नाही. मोझार्टने पूर्ण केलेली ही शेवटची रचना, त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ५ डिसेंबरला तो गेला. या कॅन्टाटाच्या छापील प्रतीला जोडलेल्या एका गाण्याची चाल आज ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत आहे, मात्र ती मोझार्टचीच का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

संगीतकार हायडनही फेब्रुवारी १७८५ मध्ये व्हिएन्नात मेसन झाला. त्याने लॉजसाठी गाणी नाही केली, पण त्याच्या सहा ‘पॅरिस’ सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) ज्या संस्थेने मागवल्या ती एका मेसॉनिक लॉजशी जोडलेली कॉन्सर्ट संस्था होती.

विसाव्या शतकात मोठं नाव फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याचं. १९२२ मध्ये हेलसिंकीत सुओमी लॉज निघालं तेव्हापासून तो त्यात होता, लॉजचा ऑर्गनवादक म्हणून तिथे बसून आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा. बंधूंनी हे कागदावर उतरव असा आग्रह धरला आणि १९२७ मध्ये पुरुष आवाज व हार्मोनियमसाठीचं त्याचं विधिसंगीत तयार झालं, नंतर त्यात भर पडत गेली. त्याच्या ‘फिनलँडिया’ या वाद्यवृंदाच्या रचनेतल्या प्रसिद्ध धुनेला १९३८ मध्ये मेसॉनिक शब्द मिळाले ते वेनो सोला या गायकाकडून, आणि तोही लॉजमधलाच.