अधिजनुकशास्त्र आणि मनोविकारांवरील उपचार

डीएनएमधील अक्षरांचा क्रम तसाच राहून जनुकांचे काम वाढवणाऱ्या, मंदावणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या रासायनिक बदलांच्या अभ्यासाला अधिजनुकशास्त्र किंवा एपिजेनेटिक्स म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केली. तिचा आजचा अर्थ बराच नंतरचा आहे. यांतील दोन बदलांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. डीएनएवर मिथिल गट चिकटला की ते जनुक सहसा दबते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर ॲसिटिल गट बसले, की गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येते.

मनोविकारांशी याचा संबंध जुळ्यांच्या अभ्यासातून सहज लक्षात येतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे जनुकक्रमापलीकडेही काहीतरी घडत असते. मायकेल मीनी आणि मोशे झिफ या संशोधकांच्या गटाने २००४ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे उंदरांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात फार महत्त्वाचा ठरला. ज्या पिल्लांना आईने कमी चाटले, त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात ताण-संप्रेरकाच्या ग्राहीचे (रिसेप्टरचे) जनुक अधिक मिथिलयुक्त आढळले आणि ती मोठेपणी ताणाला तीव्र प्रतिसाद देत. उपचारांच्या दृष्टीने मोलाचा भाग पुढचा आहे. प्रौढ उंदरांच्या मेंदूत, हिस्टोनवरील ॲसिटिल गट निघू न देणारे ट्रायकोस्टॅटिन-ए हे द्रव्य सोडल्यावर तो फरक नाहीसा झाला. बालपणीचा ठसा कायमचा नसू शकतो, हे यातून दिसले. २००९ मध्ये याच संशोधकांच्या सहभागाने, बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही त्याच ग्राहीच्या जनुकावर वाढलेले मिथिलीकरण आढळले. अशा निष्कर्षांवरून आईला दोषी ठरवणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. दारिद्र्य, हिंसा, उपासमार या गोष्टी एका व्यक्तीच्या हातातल्या नसतात.

या यंत्रणेवर परिणाम करणारी औषधे आजही वापरात आहेत. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात दिले जाणारे व्हॅलप्रोएट हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवते, हे २००१ मध्ये दिसून आले. मनःस्थिती स्थिर राहते ती याच गुणामुळे, असे अजून सिद्ध झालेले नाही. गर्भावस्थेत घेतल्यास हे औषध बाळाच्या मज्जासंस्थेला गंभीर इजा करू शकते.

नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे का लागतात, या जुन्या प्रश्नावरही काही प्रकाश पडला आहे. अमेरिकी मेंदुशास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये, वारंवार पराभव सोसलेल्या उंदरांना इमिप्रॅमिन हे नैराश्यावरील औषध दीर्घकाळ दिले. चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाचे जनुक दाबून ठेवणारी रासायनिक खूण त्यानंतरही पुसली गेली नाही. औषधाने त्याच जागी ॲसिटिल गट वाढवले आणि जनुक पुन्हा कामाला लागले. असे बदल घडायला वेळ लागत असावा. जखम तशीच ठेवून कार्य परत मिळवणे, ही बरे होण्याची एक वेगळीच वाट आहे.

नवी औषधे घडवताना मोठी अडचण येते ती नेमकेपणाची. ॲसिटिल गट काढणारे विकर शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत असतात. त्यांना अडवणाऱ्या औषधांच्या वर्गातले व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (एका प्रकारच्या कर्करोगासाठी) मंजूर झाले. कर्करोगात सोसले जाणारे दुष्परिणाम वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या मनोरुग्णावर लादता येत नाहीत. शिवाय जिवंत माणसाच्या मेंदूची ऊती सहसा तपासता येत नाही. रक्तातील खुणा मेंदूतल्या खुणांशी जुळतीलच असे नाही, आणि धूम्रपानानेही त्या ठळकपणे बदलतात. दिसलेला बदल आजाराचे कारण आहे, परिणाम आहे की औषधाची छाप, हे वेगळे करणे म्हणूनच कठीण जाते. नैराश्याचे निदान किंवा औषधाची निवड करण्यासाठी आज एकही अधिजनुकीय चाचणी नेहमीच्या मनोविकार उपचारांचा भाग नाही. तसा दावा करून विकल्या जाणाऱ्या चाचण्यांवर विसंबून चालू औषधे बदलू किंवा थांबवू नयेत.